वरून आलेला इशारा

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यामुळे, माणूस किती उंचीवरून पडला की किती वेगानं जमिनीवर आपटतो, हे रणधीरला तोंडपाठ होतं. स्वतः आपटायचं तेवढं राहिलं होतं. प्रस्तरारोहणाचा आठ दिवसांचा कोर्स करून तो ईट या गावी घरी आला आणि गावामागच्या कड्यावर चढायला निघाला. कड्याच्या माथ्यावरून ओवून आणलेला दोर खालून धरायला फक्त त्याचे चुलते बलभीमनाना तयार झाले. रणधीरनं त्यांना हेल्मेट घातलं, कमरेला पट्टा बांधून त्यात दोर अडकवला आणि सुरक्षिततेवर अर्धा तास व्याख्यान दिलं.

"व्हय, व्हय, आलं ध्यानात," नाना म्हणाले. "चढ आता, ऊन व्हायलंय."

तीस फुटांवर त्याचा पाय घसरायला लागला. "टेक!" तो ओरडला. कोर्सातला हा इंग्रजी इशारा, म्हणजे दोर ताबडतोब आवळा. पाय सुटला, पण नानांनी तोवर सगळं अंग खाली टाकलं होतं. दोर ताणला गेला आणि रणधीर हवेतच थांबला.

खाली उतरल्यावरही त्याच्यातला मास्तर जागाच होता. "बघा नाना, व्याख्यान वाया गेलं नाही. शब्द बरोबर लक्षात ठेवलात."

"कशाचा शब्द? तू टेक म्हणलास, म्या टेकलो. उभं राहून पाय दुखायलेच व्हते," नाना मागची माती झटकत म्हणाले.

"पर," त्यांनीच पुढं विचारलं, "चुलत्याला 'टेका' म्हणावं, एवढं न्हाय व्हय शिकवत तुझ्या कोर्सात?"