आधी खाऊन घे

"आधी खाऊन घे, माय," म्हणत वैजनाथनं समोशांचा पुडा जनकाबाईच्या मांडीवर ठेवला.

"विमान तर येऊ दे. संतराम आला की त्याच्यासंगं खाईन."

"न्हाई. आत्ताच खा."

जनकाबाईचं डोकं तापलं. धाकटा लेक इतक्या वर्षांनी दुबईहून येत होता आणि थोरल्याचं तोंड बघा, कोणी उभ्या पिकात गुरं सोडल्यासारखं. हिंगोलीकडच्या डोंगरकड्याहून हैदराबादपर्यंत सारी वाट त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. भावाला आणायला चांगली जीप करायची, तर ह्यानं हळदीची पोती वाहायचा टेम्पो आणला. म्हणे, मागं जागा लागंल. ते एक बरोबर होतं. दुबईचा टीव्ही, ब्लँकेटं. सामान का थोडंथोडकं असणार?

पण संतरामच्या बायकोला, संगिताला, तरी आणायचं! तर म्हणे, तिला बरं न्हाई, पडून हाय. जनकाबाईलाही तो आणणारच नव्हता. तीच हट्टानं टेम्पोत चढून बसली, म्हणून आली.

विमानतळाच्या आतली दुकानं त्यांच्या खिशाची नव्हती. वैजनाथनं फाटकाबाहेरच्या गाड्यावरून समोसे आणि मिरचीची भजी आणली होती, तीही एकटीपुरती.

"अन् तू?"

"मला भूक न्हाई."

"काल फोन आला तवापासून तुला भूक न्हाई. पाहून राहिले मी." आता तिच्या जिभेला लगाम राहिला नाही. "भाऊ कमावून आला तर तुझ्या पोटात दुखून राहिलं. जळतोस त्याच्यावर. लहानपणी बी त्याच्या ताटातलं हिसकून खायचास तू."

वैजनाथनं मान खाली घातली.

"खा, माय," तो म्हणाला. "घरी गेल्यावर खाणं व्हायचं न्हाई. सारं गाव दारात जमलंय."

सारं गाव! जनकाबाईचा राग कुठल्या कुठं पळाला. भूक तर कडकडून लागलीच होती. तिनं मिटक्या मारत समोसे खाल्ले, भज्यांनी नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी खातच राहिली. एक समोसा तेवढा पदराच्या टोकाला बांधला. संतरामला बटाटा फार आवडायचा.

तिचा शेवटचा घास संपेपर्यंत वैजनाथ पाण्याची बाटली घेऊन उभा होता. मग त्यानं खाली बसून स्वतःच्या हातानं तिचे हात धुतले. जळका असला तरी लेकच आहे, तिला वाटलं.

विमान उतरल्याचा पुकारा झाला. हार घेतलेली माणसं दाराकडे धावली. जनकाबाईही पदर सावरत निघाली, तोच वैजनाथनं तिचा दंड धरला आणि तिला उलट दिशेनं, इमारतीच्या मागं नेलं. तिथं एका बंद लोखंडी दारापुढं त्यांचा टेम्पो उभा होता.

"अरे, इकडं कुठं? माणसं तिकडून येऊन राहिलीत! त्यानं मला हुडकलं अन् मी दिसले न्हाई तर?"

वैजनाथनं तिचा दंड सोडला नाही.

लोखंडी दार करकरत उघडलं. आतून एक शिपाई बाहेर आला आणि ओरडला, "हिंगोलीवाले कौन हैं? दुबई से मय्यत आई है!"