पेला आणि पुठ्ठा

भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसला आणि माहेरी आलेली चाळिशीची लेक सवयीने ओरडली, "बाबा, या लवकर." बाबा पेला आणि पुठ्ठा घेऊन आले, कोळी अलगद झाकला आणि कुंपणापाशी सोडून आले. या घरात ते काम करायची दुसऱ्या कुणाची छातीच नव्हती.

ती कौतुकाने मागोमाग गेली, तर बाबा बेसिनला घट्ट धरून उभे, दरदरून घाम फुटलेला.

"पहिल्यापासून असंच आहे त्यांचं," आई हळूच म्हणाली. "पोरांना कळता कामा नये, असा मला दम भरलाय."

लेकीला बाबांकडे बघवेना. दहा वर्षांची असताना तिने त्यांच्या डब्यात रबरी कोळी लपवला होता. "फसलो बुवा," म्हणत बाबा संध्याकाळी केवढे हसले होते.


डबा मात्र भरलेलाच परत आला होता.