उजव्या हाताचा कौल

रखमाने उजवा हात वर केला, की त्याला मुंग्या येत आणि तो गार पडे. एकदा आरतीत घंटा वाजवता वाजवता तो गळूनच पडला. भागोजी गुरवाने देवीला कौल लावला. फूल डावीकडे पडले, म्हणजे नकार.

"देवीचा कोप हाय. या हातानं घंटेला शिवायचं नाय."

रखमाने देवीचा शुक्रवारचा उपास चालूच ठेवला. घंटेखालून मान खाली घालून जात राहिली.

शेवटी नवऱ्याने तिला मुंबईच्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. मानेपाशी एक जादा बरगडी होती, तिने हाताची शीर दाबून धरली होती. ती बरगडी कापून काढली.

गावी पोलादपूरला उतरल्यावर रखमा ओटी घेऊन थेट देवळात गेली. भागोजी फूल घेऊन आडवा आला.

"थांब गो. देवीनं हात मोकळा केला का नाय, कौल लावून बघू."

"लावा की, गुरवकाका. पण रखमा आली हाय, ते देवीला ऐकू तर जाऊ दे."

उजवा हात उंच करून तिने घंटा वाजवली, आणि वाजवतच राहिली. दचकलेल्या भागोजीच्या हातातून फूल निसटले. ते कुठल्या बाजूला पडले, हे तिने पाहिलेसुद्धा नाही.