पदकावरचा डाग

ठसा पुन्हा आलाच होता. चांदीच्या पदकाच्या उजव्या कडेला, अंगठ्याएवढा, काळपट, रेघ न् रेघ दिसेल इतका स्पष्ट. आमोदने पडद्यावरचा फोटो मोठा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

नारायण पेठेतल्या त्या लहानशा संग्रहालयातली सगळी नाणी आणि पदकं संगणकावर चढवायची होती. फोटो आमोदने काढायचे आणि हिंजवडीच्या ऑफिसात पाठवायचे. तिथे चैताली नावाची कुणी बाई ते तपासायची. आमोदने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या शेऱ्यांचा त्याला धाक होता. आधीचा फोटोग्राफर त्या शेऱ्यांपायीच घरी बसला होता. आता आणखी एकदा फोटो परत आला तर आपण दुसरा माणूस बघू, असं काल हिंजवडीहून आमोदलाही बजावून झालं होतं. बरेच महिने रिकामं बसल्यावर मिळालेलं हे काम. ते गेलं तर बायकोला काय तोंड दाखवायचं, हे त्याला कळत नव्हतं.

पदकाचा पहिला फोटो कालच परत आला होता. शेरा होता, ‘बोटाचा ठसा. हातमोजे वापरा.’

हातमोजे तो वापरतच होता. पण चहा पिऊन आल्यावर एखाद्या वेळी विसरलोही असू, असं आता त्याचं त्यालाच वाटायला लागलं. घाबरलेल्या माणसाला आपल्या चुका फार लवकर पटतात. संगणकावर ठसा पुसायची सोय होती, पण नियम आडवा येत होता. वस्तू जशी आहे तशीच दिसली पाहिजे, असा नियम. म्हणून आमोदने वस्तूच पुसली.

संग्रहालयाचे प्रमुख यज्ञेश्वरराव जेवायला घरी गेले होते. नुसत्या कापसाने काही होईना. मग तो कोपऱ्यावरच्या दुकानातून चांदी उजळायची पावडर घेऊन आला. ठसा भलताच चिवट होता. घासून घासून बोटं दुखली तेव्हा कुठे गेला. पदक मात्र असं झळकलं, की त्यावरचा मल्लखांबावर तोललेला पोरगा आता खाली उडी मारेल असं वाटावं. चैतालीबाईंनी शेरा मारला, ‘उत्तम’. आमोदचा जीव भांड्यात पडला. ठशाचे जुने फोटो त्याने लगेच उडवून टाकले. नको ती नामुष्की कुणाच्या नजरेला पडायला.

हे पदक वेबसाइटच्या पहिल्याच पानावर झळकलं. उद्घाटनाला ज्यांनी वस्तू दिल्या होत्या त्यांना बोलावलं होतं. त्यात मंदाकिनीबाई होत्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, ताठ कण्याच्या. पदक त्यांच्या मुलाचं, अनिरुद्धचं. मल्लखांबाच्या स्पर्धेत त्याला ते मिळालं आणि त्याच वर्षी स्वारगेटला अपघातात तो गेला. चाळीस वर्षं सांभाळलेलं पदक बाईंनी गेल्या वर्षी आपण होऊन संग्रहालयाला दिलं होतं.

आल्या आल्या त्यांनी आमोदला विचारलं, की तुम्ही वस्तूंना हात लावताना हातमोजे घालता ना? आमोदने अभिमानाने हो म्हटलं. त्यांनी समाधानाने मान हलवली. मग त्याने पहिलं पान उघडलं.

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे आमचं नव्हे,” त्या म्हणाल्या.

यज्ञेश्वररावांनी हसून पेटी आणवली आणि पदकामागे कोरलेलं नाव दाखवलं. बाईंनी कुणी सांगायच्या आत हातमोजे चढवले. पदक उजेडाकडे धरून तिरकं केलं. उजवी कड पाहिली. पुन्हा पाहिली.

“खांबावरून उतरला तो तसाच पळाला पदक घ्यायला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “हात खांबाला लावलेल्या एरंडेल तेलाने बरबटलेले. हात पूस आधी, म्हणून मी ओरडत होते. ऐकलं नाही.”

तेलाचा तो अंगठा चांदीवर उमटला आणि वर्षागणिक काळा होत गेला. दर दिवाळीला घरातलं चांदीचं सगळं त्या घासत, एवढं एक सोडून. कधीतरी दुपारी पेटी उघडून त्यावर आपला अंगठा टेकवत, आणि पुन्हा मिटत.

आमोदने संगणकातली कचऱ्याची पेटी उघडली. रिकामी. हिंजवडीला फोन लावला. परत पाठवलेले फोटो आम्ही ठेवत नाही, असं उत्तर मिळालं.

“आजी, मी घासलं,” तो म्हणाला.

बाईंनी पदक पेटीत ठेवलं. हातमोजे काढले, घडी घालून टेबलावर ठेवले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझ्यामागे भाचेसुना हे घासून लख्ख करतील,” त्या म्हणाल्या, “या एका धास्तीपायी तर तुमच्याकडे दिलं होतं.”