ढिल्या पायाची खुर्ची
मनाची कितीही खोल जखम या निवासी शिबिरात सात दिवसांत भरून येते, असं माहितीपत्रकात छापलं होतं. सुतार सहा दिवस नुसता जेवला. त्याने बनवलेल्या शिडीवरून पडून धाकटा भाऊ दगावला, तेव्हापासून दोन वर्षं हत्याराला हात लावला नव्हता. सातव्या दिवशी समुपदेशक बाईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. “इथे भाऊ बसलाय असं समजा. बोला त्याच्याशी.” सुताराने खुर्ची हलवून पाहिली. “बाई, हिचा पाय ढिलाय. हिच्यावर बसवू त्याला?” “चालतंय हो, दादा.” “शिडीच्या वेळी मीही हेच म्हणालो होतो.” त्याने हातोडी मागवली, खुर्ची उलटी केली आणि पाचर ठोकता ठोकता भावाशी बोलत राहिला. “थांब धाकट्या, आधी पक्की करू दे.” निघताना अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याने लिहिलं: सोमवारी हत्यारं आणतो, आणखी अकरा खुर्च्या हलतात.