चिमूटभर मीठ

काचेच्या नळीत औषधाचे दोन थेंब पडले आणि आतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. माती तपासणाऱ्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाबा, ही माती शेतातली की मिठागरातली?"

सासरे टेबलापाशी उभे होते; मागे बाकावर सासूशेजारी बसलेली सून दचकली. पहाटे तिने मातीच्या पिशवीत चिमूटभरच मीठ टाकलं होतं. चिमूटभराने इतकं होतं?

तंबाखू कंपनीचा माणूस महिन्यापूर्वी ओसरीवर बसून सांगून गेला होता. जमीन हलकी, रेताड, पाणी न धरणारी. तंबाखूला असलीच लागते. फक्त मातीत मीठ नको. मिठाच्या मातीतलं पान नीट जळत नाही, मग त्याला कुत्रं विचारत नाही. आत सासू-सून भांडी घासत होत्या. सासऱ्यांनी तिथल्या तिथे होकार भरला. मातीचा दाखला तेवढा बाकी होता. पानं तोडायला काय, घरच्या बाया होत्याच.

गेल्या हंगामात सुनेने शेजाऱ्यांच्या ओल्या तंबाखूत एकच दिवस हात घातला होता. भिंत धरून घरी आली आणि ओकून ओकून अर्धी झाली. आता तिला पाचवा महिना होता. सासऱ्यांपुढे तोंड उघडायची तिची छाती नव्हती. सासूबाईंपुढे तर त्याहून नव्हती; त्या बोलायच्या कमी, बघायच्या जास्त.

"पण तिथे भुईमूग झकास येतो की," सासरे म्हणाले.

"इतक्या मिठात गवताची काडी यायची नाही. हे वरून पडलंय."

सासरे सावकाश वळले. "पिशवीला कोणाचा हात लागला?"

 सुनेचा हात पोटावर गेला. सांगूनच टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"माझा," सासूबाई म्हणाल्या. "दोन मुठी टाकलं. उद्या दुसरी पिशवी भराल, तीत चार टाकीन. माझी दोन त्या पानांपायी पोटातच गेली, अहो. तेव्हा गप्प बसले."

बाई धुतलेलीच नळी पुन्हा धुऊ लागल्या. सासऱ्यांनी मातीची पिशवी ओढून जवळ घेतली.

"तंबाखूचं राहू द्या," ते म्हणाले. "भुईमुगाला खत कुठलं घालायचं, तेवढं लिहून द्या."

बाहेर पायऱ्यांवर सुनेला रडू फुटलं. "आई, माझ्यासाठी खोटं बोललात..."

"खोटं कशाला बोलू?" सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "तुझ्या चिमूटभराने काय होणार होतं? आणि पिशवीची गाठ तरी नीट मारायची. मलाच सोडून पुन्हा बांधावी लागली."