उजवा कौल

"हा फोटो उलटा आहे. सरळ करू?" ओमकारच्या कॉम्प्युटरवर पाटी आली.

कणकवलीच्या त्याच्या स्टुडिओत गौरजाच्या लग्नाच्या अल्बमचं काम चाललं होतं. ती आणि तिचे बाबा शेजारीच बसले होते. पहिल्या पानावर नवरानवरी नकोत, देवीच्या कौलाचा फोटो हवा, हा तिच्या बाबांचा, सदानंदांचा हट्ट. फोंडाघाटच्या स्थळाला होय म्हणायचं की नाही, याचा तो कौल. गुडघे धरल्यामुळे ते स्वतः देवळात गेले नव्हते. परशुराम गुरवाने मोबाइलवर नुसता फोटो पाठवला होता. फोटोत देवी कमी आणि गुरवच जास्त! पण देवीच्या दोन्ही खांद्यांवर लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडलेली स्पष्ट दिसत होती. उजवी पडली म्हणजे होय. डावी पडली म्हणजे नको.

"चेडू माजा नको नको म्हणत होता," सदानंद लेकीकडे बघत कौतुकाने म्हणाले. "शेवटी देवीनच सांगल्यान, हयच दी."

सासरहून आल्यापासून गौरजा गप्पच होती.

"काका, गुरवान सेल्फी काडल्यान हो!" ओमकार हसला. "सेल्फीत आरशासारखा डावा-उजवा बदलता. थांबा, सरळ करतंय."

त्याने बटण दाबलं. गुरवाच्या डोक्यामागची उलटी अक्षरं सुलटी झाली, 'चपला बाहेर काढाव्यात'. आणि देवीच्या उजव्या खांद्यावर पाकळी आली. डावा खांदा मोकळा.

सदानंदांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी गुरवाला फोन लावला.

"डावोच कौल तो!" फोनमधून गुरव ओरडला. "देवीन नाय म्हटल्यान. लगीन केल्यात तेवा माका वाटला, तुमी दुसरो जावई बघल्यात."

फोन बंद झाला. ओमकारने कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा, कुठून अवदसा आठवली आणि ते बटण दाबलं!

"होतो तसोच कर रे तो," सदानंद कसेबसे म्हणाले. "परत फिरव. आणि कोणाक सांगू नको."

ओमकारने माउसला हात लावला.

"फोटो फिरतलो, बाबा," गौरजा म्हणाली. "माजा काय?"